सत्तावन्न, पन्नास सात आणि डोक्यातला हिशोब

जून २०१९. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि वाद पेटला तो दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून. बालभारतीच्या नव्या पुस्तकात एकवीस 'वीस एक' असं आणि सत्तावन्न 'पन्नास सात' असं वाचायला शिकवलं होतं. विधानसभेत तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस यांच्या आडनावातल्या 'वीस'वर कोट्या झाल्या, व्हॉट्सअॅपवर विनोदांचा पूर आला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही दिली आहेत. जोडाक्षरांची आणि अंकांच्या उलट क्रमाने जाणारी नावं लहान मुलांना जड जातात म्हणून ही सोय केली आहे. ऐकण्याच्या मनःस्थितीत फारसं कुणी नव्हतं. मराठीची वाट लावली, इंग्रजीची नक्कल केली, असं म्हणून झालं आणि वाद आपोआप थकला.

त्या गदारोळात खरा प्रश्न मागेच राहिला. संख्येचं नाव बदललं की डोक्यातलं गणित बदलतं का? हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही हा. भाषा आपल्या विचारांना वळण लावते का, या जुन्या भांडणातला हा सगळ्यात मोजता येण्याजोगा तुकडा आहे. प्रेम, काळ, रंग यांच्याबद्दल कोण काय विचार करतो ते ठरवणं अवघड. पण ५७ आणि २६ यांची बेरीज कोणी किती सेकंदांत केली आणि कुठे चुकलं, हे सरळ मोजता येतं.

आधी मूळ भांडण

अमेरिकेत बेंजामिन ली व्होर्फ (१८९७–१९४१) नावाचे गृहस्थ होते. पोटासाठी आगीच्या विमा कंपनीत तपासनीस, नाद भाषांचा. आगींच्या प्रकरणांचे अहवाल तपासताना त्यांच्या लक्षात आलं की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांपाशी कामगार जपून वागतात, पण 'रिकाम्या' पिंपांपाशी खुशाल सिगारेट ओढतात. वास्तविक रिकाम्या पिंपात वाफ साठलेली असते आणि तीच जास्त घातक. 'रिकामं' म्हटलं की माणूस गाफील होतो. यातून आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांच्या अभ्यासातून व्होर्फ यांनी मांडलं की भाषेची घडण बोलणाऱ्याच्या विचारांना वळण लावते. त्यांचे गुरू एडवर्ड सपीर. दोघांच्या नावाने या मताला सपीर-व्होर्फ सिद्धांत म्हणतात.

या सिद्धांताचं टोकाचं रूप असं: भाषेत जे नाही त्याचा विचारच करता येत नाही. ते टिकलं नाही. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी होपी लोकांच्या भाषेत आपल्यासारखा काळच नाही, असं व्होर्फ यांनी लिहिलं होतं; १९८३ मध्ये एकेहार्ट मालोत्की यांनी सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहून होपीत काळ बोलण्याच्या किती तऱ्हा आहेत ते दाखवून दिलं. एवढं लांब जायलाही नको. आपण 'परवा' हा एकच शब्द होऊन गेलेल्या आणि यायच्या दिवसाला वापरतो, म्हणून कुणाची गाडी चुकत नाही.

उरलं ते सौम्य रूप. भाषा विचार अडवत नाही, पण काही विचार सोपे करते, काही अवघड, आणि रोजच्या वापराने सवय लावते. ही सवय किती खोल जाते, यावर आज वाद चालतो.

मोजायला शब्दच नसले तर?

ब्राझीलमध्ये अॅमेझॉनच्या जंगलात, माइसी नदीच्या काठी पिराहा नावाचे काही शे लोक राहतात. त्यांच्या भाषेत नेमक्या संख्येला शब्द नाहीत. 'थोडं', 'जरा जास्त', 'पुष्कळ' असे तीन अंदाजाचे शब्द. 'एक' असा नेमका शब्दसुद्धा नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी दोऱ्याची रिळं आणि न फुगवलेले फुगे घेतले. रिळं समोर मांडायची आणि सांगायचं, जितकी रिळं तितके फुगे मांडा. पिराहा माणसांनी एका रिळासमोर एक फुगा ठेवत काम बहुतेक बिनचूक केलं. मग रिळं झाकली. लगेच चुका सुरू झाल्या, आणि आकडा जितका मोठा तितकी चूक मोठी.

यातून दिसतं ते असं. 'तितकेच' म्हणजे काय हे कळायला शब्द लागत नाही. पण 'किती होते' ते डोक्यात धरून ठेवायला शब्द लागतो. 'आठ' हे नाव नसेल तर आठ रिळं नजरेआड झाल्यावर हातात धरायला काही उरत नाही. याच संशोधकांनी पुढे इंग्रजी बोलणाऱ्यांवर उलटा प्रयोग केला. तोंडाने सतत दुसरंच काही बोलायला लावलं, म्हणजे मनातल्या मनात मोजता येऊ नये. मग तेही पिराहांसारखेच चुकू लागले.

यावर हमखास येणारी शंका म्हणजे त्या लोकांना मोजायची गरजच पडत नसेल, बाजार नाही, पैसा नाही, तर दोष भाषेचा कसा? शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर निकाराग्वातून मिळालं. तिथे काही कर्णबधिर प्रौढ असे होते ज्यांना कुठलीच खूणभाषा शिकायला मिळाली नव्हती. घरच्यांशी स्वतःच्या खुणांनी बोलायचे. हे लोक नोकरी करतात, पैसे हाताळतात, चहूबाजूंनी मोजणाऱ्या समाजात राहतात. बोटंही वापरतात. तरीही २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तीनच्या पुढे त्यांची बोटं नेमकी संख्या सांगत नाहीत, आसपासची सांगतात. चारच्या जागी पाच, सहाच्या जागी पाच. मोजणारी संस्कृती शेजारी असून पुरत नाही. मोजण्याची क्रमवार नावं स्वतःच्या तोंडात, किंवा हातात, यावी लागतात.

मराठी पोराला किती नावं पाठ करावी लागतात?

आता आपल्या घरात येऊ. इंग्रजीत एक ते एकोणीस आणि मग वीस, तीस, चाळीस अशी दशकांची आठ नावं, मिळून सत्तावीस शब्द आले की नव्व्याण्णवपर्यंत मजल जाते. चिनी भाषेत तर एक ते दहा एवढे दहाच शब्द. अकरा म्हणजे 'दहा एक', सत्तावन्न म्हणजे 'पाच दहा सात'. मराठीत? जवळपास शंभरच्या शंभर नावं वेगळी.

एकटा 'तीन' घ्या. तेरा, तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. तीन कुठेच अख्खा सापडत नाही; ते, तेह, त्रे, त्र्या अशी वेषांतरं. दशकंही तशीच. पन्नासचं कधी 'वन्न' होतं (बावन्न), कधी 'पन्न' (त्रेपन्न). साठचं 'सष्ट', सत्तरचं 'हत्तर', नव्वदचं 'ण्णव'. हजारो वर्षं जिभेवर घासून गुळगुळीत झालेली ही संस्कृत नावं आहेत. मोठ्या माणसाला त्यांतला नियम दिसतो. सहा-सात वर्षांच्या पोराला फक्त आवाज ऐकू येतो.

त्यात 'एकोण'. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशी आठ नावं. अर्थ सरळ: एक उणे. पण 'एकोणपन्नास' ऐकून पोराने लिहायचं आहे ४ आणि ९, आणि त्या नावात चारही नाही, नऊही नाही. पन्नास ऐकायचं, त्यातून एक वजा करायचा, मग दशक एकाने खाली आणायचं. आणि एवढं अंगवळणी पडेपर्यंत शंभराच्या उंबऱ्यावर नियम दगा देतो: एकोणशंभर नाही, नव्व्याण्णव.

आणि तिसरी गोष्ट क्रमाची, तीच २०१९ च्या वादाच्या मुळाशी होती. सत्तावन्नमध्ये आधी सात ऐकू येतो, मग पन्नास. लिहायचं मात्र आधी ५, मग ७. संस्कृतात संख्या शब्दांनी सांगताना 'अंकानां वामतो गतिः' असा संकेत होता. एककापासून सुरुवात करून डावीकडे जायचं. नाव त्या संकेताला धरून आहे, आपली लिहिण्याची दिशा नाही. दक्षिणेकडच्या भाषा या भानगडीत नाहीत. कन्नडमध्ये सत्तावन्न म्हणजे 'ऐवत्तेळु', पन्नास आधी, सात नंतर. म्हणजे 'पन्नास सात' ही इंग्रजीची नक्कल, हा आरोप सोलापूर-सांगलीच्या सीमेपलीकडेच गळून पडतो.

उलट नावाने नेमकं काय बिघडतं?

हा प्रश्न सर्वांत जास्त तपासला गेला तो जर्मन भाषेत, कारण जर्मनही आपल्यासारखीच: ५७ म्हणजे 'सात आणि पन्नास'. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना आकडे सांगून लिहायला लावले तेव्हा त्यांच्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलटेपणाशी निगडित होत्या. ५७ सांगितलं की ७५. ज्या भाषांत क्रम सरळ आहे तिथल्या मुलांच्या चुका वेगळ्या प्रकारच्या असतात. दुसरीच्या वर्गात संख्यालेखन घेतलेल्या कुठल्याही मराठी शिक्षकाला ही ७५ ची चूक ओळखीची वाटेल.

मोठेपणी ही चूक दिसेनाशी होते, पण खर्च पूर्ण संपत नाही. मोबाइल नंबर मराठीत जोडी-जोडीने सांगून बघा. 'अठ्ठ्याण्णव' म्हणायला सुरुवात केली की समोरच्याचा अंगठा आठावर जातो. शब्द संपल्यावर कळतं की आधी नऊ दाबायचा होता. बहुतेक मराठी माणसं फोन नंबर इंग्रजीत, एकेक आकडा सुटा करून सांगतात, त्यामागे निव्वळ इंग्रजीचा सोस नाही.

नॉर्वेत हेच घडलं आणि त्यांनी कायमचा इलाज करायचं ठरवलं. तिथेही पूर्वी 'सात आणि पन्नास' म्हणत. टेलिफोन खात्याचा आग्रह होता, कारण एक्स्चेंजवर नंबर ऐकताना घोटाळे होत. संसदेने निर्णय घेतला आणि १ जुलै १९५१ पासून शाळांत आणि रेडिओवर 'पन्नास सात' ही पद्धत सुरू झाली. देश काही बुडाला नाही, भाषाही मेली नाही. पण गंमत अशी की सत्तर वर्षांनंतरही पुष्कळ नॉर्वेकर बोलताना जुनं नाव वापरतात, काही जण एकाच संभाषणात दोन्ही.

"चिनी मुलं पुढे असतात ती शाळेमुळे. नावांचा काय संबंध?"

गणितात पूर्व आशियातली मुलं पुढे का, याला शाळेचे तास, आईवडिलांचा धाक, परीक्षा अशी पन्नास कारणं देता येतील आणि त्यांतली बरीचशी खरी आहेत. म्हणून संशोधकांनी शाळेच्या आधीच्या वयाची मुलं घेतली. १९९५ च्या एका अभ्यासात बीजिंगच्या आणि अमेरिकेतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना मोजत जायला सांगितलं. दहापर्यंत दोघांत फरक नाही. दहा ओलांडल्याबरोबर फरक पडला: चिनी मुलं 'दहा एक, दहा दोन' करत पुढे गेली, अमेरिकन मुलं 'इलेव्हन, ट्वेल्व्ह, थर्टीन'पाशी अडखळली. धाकामुळे फरक पडायचा तर तो दहाच्या आतही दिसायला हवा होता.

याहून बारीक चाळणी ब्रिटनमधल्या वेल्समध्ये लागली. तिथे एकाच भागातली काही मुलं इंग्रजी माध्यमात जातात, काही वेल्श माध्यमात. अभ्यासक्रम, हवापाणी, आईबापांचं राहणीमान साधारण तेच. वेल्शमध्ये हल्ली शाळेत शिकवली जाणारी संख्यानामं चिनीसारखी सरळ आहेत. तिथे वेल्श माध्यमातली मुलं दोन अंकी संख्या वाचण्यात आणि त्यांत लहानमोठं ठरवण्यात सरस निघाली. एकूण अंकगणितात मात्र फरक आढळला नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन्ही बाजूंचे उत्साही लोक ते सोडून देतात. नाव सरळ असलं की सुरुवातीची पायरी सोपी होते. गणित सोपं होत नाही.

"मग आमच्या आजोबांचं कसं चाललं?"

उत्तम चाललं. आणि त्याचं कारणही भाषाच.

सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस, सात चोक अठ्ठावीस. ही लय कानात बसली की 'सात आठे'च्या मागून 'छप्पन्न' आपसूक येतो. तेव्हा कुणी सातच्या आठ ढिगाऱ्या मनात रचत नाही. नाव उलटं आहे की सुलटं याने तिथे फरक पडत नाही, कारण अख्खा शब्द एका घासात गिळलेला असतो. आणि जुन्या पिढीचे पाढे तिसापाशी थांबत नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. औट घटकेचं राज्य म्हणताना आपण साडेतीनच म्हणत असतो, ते विसरून गेलो आहोत.

इथे मराठीचं पारडं जड आहे. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच: अपूर्णांक एका शब्दात. मंडईत ऐंशी रुपये किलोची गवार पाऊण किलो घेतली तर बाई साठ म्हणते, आणि तुम्ही खिशातून फोन काढायच्या आत म्हणते. ऐंशीचा पाव वीस, तो कमी केला की झालं. हे '०.७५ गुणिले ८०' असं मांडून बघा, शहाणासुरता माणूस कागद मागेल. 'पाऊण' या शब्दातच वजाबाकीची युक्ती बसवलेली आहे, जशी ती 'एकोण'मध्ये आहे. एकोणपन्नास हे पोराला लिहायला त्रासदायक, पण हिशोबाला तयार: सात वस्तू एकोणपन्नास रुपयांना एक, तर साडेतीनशेतून सात काढा.

म्हणून 'पन्नास सात'ची टिंगल करणारे मला पटत नाहीत आणि जुनी नावं अडगळीत टाका म्हणणारेही पटत नाहीत. पहिलं आकडा लिहायला शिकवण्याचं साधन आहे, दुसरं हिशोब करण्याचं.

दोन भाषा असल्या की हिशोब कुठल्या भाषेत होतो?

शुद्ध एकभाषी माणूस आपल्याकडे शोधावा लागतो, त्यामुळे खरा मुद्दा इथे आहे.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या विद्यार्थ्यांना नवे हिशोब शिकवले, काही रशियनमध्ये, काही इंग्रजीत. नंतर दोन्ही भाषांत विचारलं. जिथे नेमकं उत्तर हवं होतं तिथे शिकलेल्या भाषेत उत्तर चटकन आलं, दुसऱ्या भाषेत वेळ लागला. जिथे 'साधारण किती' एवढाच अंदाज हवा होता, तिथे भाषा बदलून काही फरक पडला नाही. पिराहांच्या गोष्टीशी हे तंतोतंत जुळतं. अंदाज भाषेवाचून होतो. नेमका आकडा भाषेत साठवलेला असतो, आणि ज्या भाषेत साठवला तिथेच हात घालून काढावा लागतो.

लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशात तर सगळी पिढीच यातून जाते. तिथे प्राथमिक शाळेत गणित जर्मनमध्ये आणि माध्यमिकमध्ये फ्रेंचमध्ये. मुलं दोन्ही भाषा सफाईने बोलतात. संशोधकांनी वेगवेगळ्या इयत्तांतल्या मुलांकडून आणि प्रौढांकडून दोन्ही भाषांत बेरजा करून घेतल्या. साध्या बेरजांतला फरक वयाबरोबर मिटत गेला. मोठ्या बेरजांत मात्र जर्मनचा वरचष्मा प्रौढपणीही राहिला. पुढे मेंदूची चित्रं घेतली तेव्हा फ्रेंचमध्ये मोठी बेरीज करताना पाहण्याशी संबंधित भाग जास्त कामाला लागलेले दिसले. आकडे बहुधा डोळ्यांसमोर मांडून बघावे लागत होते. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा करण्यासारखंच हे. चहा येतो, पण साखरेसाठी तीन डबे उघडावे लागतात.

आता लक्षात घ्या, जर्मन नावं उलटी आहेत. फ्रेंच नावं एकोणसत्तरपर्यंत तरी दशक आधी सांगणारी. तरीही जिंकली जर्मन. लहानपणी घोटून घेतलेली भाषा नावांच्या रचनेवर मात करून गेली. २०१९ च्या वादात हा धागा कुणाच्या हाती असता तर चर्चेला दिशा मिळाली असती.

सेमी इंग्रजीवाल्यांनी घाबरावं का?

महाराष्ट्रातली सेमी इंग्रजी म्हणजे शाळा मराठी, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीत. कुठे हे पहिलीपासून, कुठे पाचवीपासून. घरी, दुकानात, बसमध्ये आकडे मराठी, वहीत इंग्रजी. दुकानदाराने 'एकोणसाठ' म्हटलं की पोरगं आईकडे बघतं आणि आई 'फिफ्टी नाइन' म्हणते, हे दृश्य आता नवं नाही.

घाबरण्यासारखं यात काही नाही. लक्झेंबर्गची मुलं शिकतात, इंजिनियर होतात. पण दोन गोष्टी शाळेने समजून घ्यायला हव्यात. पाढे कुठल्या तरी एका भाषेत पक्के झाले पाहिजेत. अर्धे 'सात आठे छप्पन्न' आणि अर्धे 'सेव्हन नाइन्स आर सिक्स्टी थ्री' अशी खिचडी झाली की नेमकं उत्तर कुठल्याच बाजूने चटकन येत नाही. आणि माध्यम मधेच बदललं, चौथीनंतर पाचवीत, तर त्या वर्षी मुलाचा वेग कमी होणारच. तो मंदपणा नाही. अशा वेळी मुलाला मनातला हिशोब जुन्या भाषेत करू द्यावा, उत्तर नव्या भाषेत मागावं. 'इंग्लिशमध्येच थिंक कर' असं ओरडण्याने फक्त डबे उघडण्याची घाई वाढते.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय झाला, १६ एप्रिलला आणि मग १७ जूनला शासन निर्णय निघाले, २९ जूनला दोन्ही मागे घेतले गेले. त्या वादात तीन भाषांनी लहान मुलांचा मेंदू गोंधळतो असंही बोललं गेलं. संख्यांच्या या अभ्यासांतून तसं काही निघत नाही. जास्त भाषा म्हणजे जास्त गोंधळ, हे खरं नाही. सीमाभागातली कितीतरी मुलं कन्नड, मराठी, हिंदी सहज बोलतात. अडचण येते ती एकच कौशल्य अर्धं एका भाषेत आणि अर्धं दुसरीत शिकवलं की. हिंदी असावी की नसावी हा वेगळा, राजकीय आणि भाषिक हक्काचा वाद आहे. त्याची उत्तरं मेंदूशास्त्राकडे मागू नयेत.

परक्या भाषेत डोकं थंड राहतं?

आकड्यांशीच नातं असलेला आणखी एक प्रयोग. समजा एका साथीत ६०० माणसं सापडली आहेत. एका औषधाने २०० नक्की वाचतील, दुसऱ्याने सगळे वाचण्याची शक्यता एक तृतीयांश आणि कुणीच न वाचण्याची दोन तृतीयांश. बहुतेक लोक पहिलं निवडतात. तीच गोष्ट '४०० नक्की मरतील' अशी सांगितली की कल उलटतो, दुसऱ्या पर्यायाकडे जातो. गणित तेच, शब्द फिरले. २०१२ मध्ये बोआझ कायझर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा प्रश्न शिकून घेतलेल्या परक्या भाषेत विचारला तर हा फरक नाहीसा होतो. 'मरतील' हा शब्द मातृभाषेत जसा काळजाला भिडतो तसा शाळेत शिकलेल्या भाषेत भिडत नाही, असं त्याचं एक स्पष्टीकरण.

पुढच्या प्रयोगांत हा परिणाम कधी ठळक दिसला, कधी पुसट. त्यामुळे 'इंग्रजीत विचार करणारा जास्त तर्कशुद्ध' असा निष्कर्ष काढायला कुणी धावू नये. भावना कमी झाली म्हणजे निर्णय चांगला झाला असंही नाही.

मग भाषेला किती श्रेय द्यायचं?

फार नको, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. २०२५ च्या सुरुवातीला 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास आला. लेखकांत अर्थशास्त्राचे नोबेलविजेते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते, आणि एलिझाबेथ स्पेल्कीही, त्याच रशियन-इंग्रजी प्रयोगातल्या. या मुलांनी विक्री करताना वजन, भाव आणि सुट्ट्या पैशांचे हिशोब मनातल्या मनात फटाफट केले. तेच आकडे शाळेतल्या गणितासारखे मांडले तर अडखळली. आणि शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं याच्या उलट: कागदावर बरी, बाजारातल्या व्यवहारात ढिली. भाषा बदलली नव्हती, प्रसंग बदलला होता. म्हणजे नेमका हिशोब ज्या भाषेत शिकला तिला जसा चिकटतो, तसाच तो ज्या कामात शिकला त्यालाही चिकटतो.

वर्गात करून बघण्यासारखं

संख्यानामांचा वाद निकाली काढायचा तर एकाच मुलाला दोन्ही पद्धती येत असल्या पाहिजेत. अशी भाषा आहे: चेक. चेकमध्ये ५७ ला 'पन्नास सात'ही म्हणतात आणि 'सात-आणि-पन्नास'ही, दोन्ही शुद्ध. तिथल्या पहिलीच्या मुलांना दोन्ही तऱ्हांनी आकडे सांगून लिहवून घेतले तेव्हा अंकांची अदलाबदल मुख्यतः उलट्या नावांच्या वेळी झाली. मूल तेच, शाळा तीच, आई तीच.

बालभारतीने दोन्ही नावं छापल्यावर मराठीतही हे करता येतं. दुसरीच्या वर्गात वीस आकडे एके दिवशी सत्तावन्न, त्र्याऐंशी, एकोणसत्तर असे सांगायचे आणि आठवड्याने तेच पन्नास सात, ऐंशी तीन, साठ नऊ असे. नुसते गुण मोजू नयेत, चुका वाचाव्यात. ५७ चे ७५ किती जणांनी केले, एकोणसत्तर ऐकून ७९ कोणी लिहिले. दुसऱ्या दिवशीच्या वह्यांत एक वेगळी चूक सापडायची शक्यता आहे: 'पन्नास सात' ऐकून ५०७. सरळ नावाची ही स्वतःची खोड आहे. जिथे दशक आधी म्हणतात तिथली मुलं ती करतात. त्या पोराला पन्नास कळले आहेत, सात कळले आहेत, फक्त पन्नासातलं शून्य सातासाठी जागा सोडतं हे अजून सांगायचं राहिलं आहे.